पेन्सिलीच्या आधी खांदा

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पाळणाघरात एक चार वर्षांचा मुलगा आला. आईनं आल्या आल्या पिशवीतून वही काढून माझ्यापुढं धरली. आधीच्या शिशुवर्गातली होती. अ पासून ज्ञ पर्यंत पानंच्या पानं भरलेली, एकेक अक्षर वीस-वीस वेळा, खाली लाल पेनानं ‘छान’ आणि एक तारा. आईच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि का नसावा? वही पाहून झाल्यावर मी पोराला म्हटलं, “चल, मागं अंगणात जाऊ.”

मागच्या दाराला शहाबादी फरशीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीशी तो थांबला. भिंतीला पंजा टेकला, उजवा पाय खाली सोडला, मग डावा आणून त्याच पायरीवर ठेवला. पुन्हा थांबला. तिसऱ्या पायरीवर त्यानं मागं वळून आईकडं हात केला. खाली उतरल्यावर मी त्याला एक केळं दिलं. देठाशी बराच वेळ झटला, नखानं ओरबाडलं, मधोमध दाबून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. “तूच सोल.”

म्हणजे ज्ञ काढणाऱ्या पोराला केळं सोलता येत नव्हतं.

यात त्याचा काही दोष नाही. आईचा नाही. शिशुवर्गाच्या बाईंचासुद्धा मी निम्माच धरते, कारण पहिली तीन वर्षं मीही हेच केलंय. पालकांना संध्याकाळी काहीतरी हातात द्यावं लागतं. ‘आज मुलं चिखलात खेळली’ असं सांगितलं की फी कशाची घेता असा चेहरा होतो. भरलेलं पान दिलं की कुणी काही विचारत नाही. मी चौदा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात पाळणाघर चालवतेय. तेलुगू घरातली, मराठी घरातली, कानडी आणि उर्दू बोलणारी, सगळी मुलं मला अक्का म्हणतात. या चौदा वर्षांत पालकांनी मला ‘काय लिहिलं?’ हे हजारदा विचारलं असेल. ‘कशावर चढला?’ हे अजून एकानंही विचारलेलं नाही. माझं भांडण आहे ते या मापाशी.

मूल घडतं ते वरून खाली आणि आतून बाहेर. आधी मान धरतं, मग पाठ, मग कंबर, मग पाय. तसंच आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. बोटांना बारीक काम करायचं असेल तर खांदा आणि पाठ आपल्या जागी ठाम राहावी लागते. ज्याची पाठ बसल्या बसल्या ढिली पडते ते पोर बाकावर कोपर टेकून, डोकं हातावर घेऊन लिहितं. आपण त्याला आळशी म्हणतो. ज्याचा खांदा कच्चा असतो ते पेन्सिल इतकी आवळून धरतं की बोटांची टोकं पांढरी पडतात आणि कागद फाटतो. त्याला आपण घाईचा म्हणतो. दोन्ही वेळा दुखणं एकीकडं आणि औषध भलतीकडं.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात त्यातलं एकही हाड म्हणून तयार नसतं, सगळी कूर्चा असते. पहिली दोन हाडं जन्मानंतरच्या काही महिन्यांत दिसू लागतात, पुढची हळूहळू, आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर मूल आठ-दहा वर्षांचं होईतो. एवढ्यावरून चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल निषिद्ध ठरत नाही, तसं मी म्हणतही नाही. खडू द्या, कोळसा द्या, भिंत द्या. पण पेन्सिल धरण्याच्याही पायऱ्या आहेत. दीड वर्षाचं मूल मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवतं. पुढं बोटं खाली येतात, पण हालचाल कोपरातून होते. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांत पेन्सिल येते, तरी हलतं ते मनगट. बोटं स्वतः हलून अक्षर काढायला लागतात ती साधारण साडेचार ते सहाच्या दरम्यान. आपली लिपी तर या हाताकडून भलतंच मागते. इंग्रजीतला एक आकडा म्हणजे एक उभी रेघ. आपल्या क ला एक गोळा, एक दांडी, एक शेपूट आणि वर शिरोरेषा; अ आणि ळ बद्दल बोलायलाच नको. ज्या हाताला वळण अजून माहीत नाही त्याच्याकडून वीस वेळा अ काढून घेणं म्हणजे अक्षर शिकवणं नव्हे, चुकीची पकड घोटून घेणं आहे. ती पकड मोडायला पुढं दुसरी-तिसरीत बाईंना जे कष्ट पडतात ते त्यांना विचारा.

सोलापूरकराला ही गोष्ट खरं तर सांगावी लागू नये. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. तो उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलून, तोल सांभाळत, गर्दीतून चालणारा माणूस आपण दरवर्षी बघतो. त्या माणसाच्या हातात ध्वज काय भोगीच्या सकाळी पहिल्यांदा दिलेला असतो? महिनोन्‌महिने सराव चालतो, कंबर आणि पाय तयार होतात, मग ध्वज. तिथं आपल्याला क्रम कळतो. पोराच्या बाबतीत मात्र ध्वज पहिल्या दिवशी.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान १८० मिनिटं अंगाची हालचाल हवी. तीन आणि चार वर्षांच्यांना त्यातला निदान तासभर तरी धाप लागेल असा. एका वेळी एक तासाहून जास्त मुलाला खुर्चीत, गाडीत, पट्ट्यात अडकवून ठेवू नये. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्हीचा पडदा अजिबात नको, त्यापुढं दिवसाला तासाच्या आत. आता आपल्या एका साध्या पोराचा दिवस मांडून बघा. सकाळी आठला व्हॅनमध्ये दाटीवाटीनं, मग तीन तास बाकावर, पुन्हा व्हॅन, जेवण, झोप, संध्याकाळी शिकवणी (हो, चार वर्षांच्या मुलाला शिकवणी, आणि ती लावणारे लोक चांगले शिकलेले असतात), मग दोन खोल्यांत मोबाईल. १८० कुठून आणणार? अठरा मिळाली तरी नशीब.

इथं मला दोन बाजूंनी उत्तर येतं, आणि दोन्ही उत्तरं ऐकण्यासारखी आहेत.

पहिलं आमच्याच गल्लीतलं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मुलांच्या आया विडी वळतात. सकाळी कारखान्याच्या ब्रँचला जाऊन तयार विड्या द्यायच्या, पान आणि तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची आणि मांडीवर सूप घेऊन बसायचं. मजुरी हजार विड्यांवर. त्या बोटांकडं तुम्ही कधी नीट बघितलंय का? डाव्या हातात पान, उजव्या हातानं चिमूट तंबाखू पसरायची, अंगठ्यानं दाबत गुंडाळायचं, दोऱ्याचा वेढा, टोक आत मोडायचं, आणि हे सगळं करताना तोंडानं शेजारणीशी गप्पा आणि पायानं झोळी. बोटांचं इतकं बारीक काम कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आणि अशीच एक आई मला म्हणाली होती, “अक्का, माझी बोटं बघ. तंबाखूनं काळी पडलीत, रात्री ठणकतात. माझ्या पोरीनं हातानं काम करू नये म्हणून तर तुझ्याकडं टाकलीय. तू तिला पीठ मळायला लावतेस, चिंध्या पिळायला लावतेस. हे तर ती घरीही करेल. तिच्या हातात पेन्सिल दे.”

मी त्या दिवशी गप्प बसले. तिला ‘विकास’ आणि ‘कौशल्य’ असले शब्द सांगून गप्प करणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. कष्टाचं काम आणि खेळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे तिलाच जास्त कळतं. तिची भीती अशी की गरिबाच्या पोराला खेळ म्हणून तेच काम शिकवतील आणि श्रीमंताचं पोर पेन्सिल धरून पुढं जाईल. ही भीती चुकीची कशी म्हणू? माझं म्हणणं इतकंच की ज्या पेन्सिलीसाठी ती एवढी धडपडतेय, त्या पेन्सिलीकडं जाणारा रस्ता पिठाच्या परातीतूनच जातो. सुखवस्तू घरांतली मुलं ज्या महागड्या केंद्रांत जातात तिथं हेच चालतं. तिथं त्याला मोठी इंग्रजी नावं आहेत, पीठ रंगीत डबीतून येतं आणि त्याची फी वर्षाला माझ्या कित्येक पालकांच्या कमाईएवढी असते. म्हणजे गरिबाच्या पोराला वही आणि श्रीमंताच्या पोराला चिखल, असं उलटंच चाललंय. त्या बाईला माझं म्हणणं अजून पूर्ण पटलेलं नाही. मुलगी मात्र पाठवते.

दुसरं उत्तर आजोबा लोकांचं. “आम्हाला कुणी शिकवलं होतं काय खेळायला? लगोरी, विटीदांडू, सागरगोटे, आपोआप झालं सगळं.” झालं, खरंय. पण आपोआप झालं नव्हतं. गिरणीच्या चाळींपुढं मोकळी जागा होती, गल्लीतून दिवसाला चार सायकली जायच्या आणि बारा पोरांच्या टोळीत एक दहा वर्षांची ताई असायची जी सगळ्यांवर नजर ठेवायची. त्या ताईच्या कडेवर एक लहान भावंडही असायचं, तिला स्वतःला लंगडी खेळायला किती मिळालं हे कुणी विचारलं नाही. त्या जुन्या अंगणाच्या आठवणी काढून रडण्यात मला रस नाही. जागा गेली, टोळी गेली, गल्लीत आता दर मिनिटाला गाडी. जे फुकट मिळत होतं ते आता ठरवून द्यावं लागणार, आणि ठरवून द्यायचं म्हणजे कुणाची तरी जबाबदारी असणार. माझ्यासारख्या पाळणाघरांची, अंगणवाड्यांची, शाळांची. या लेखाचं कारणच ते.

खेळ म्हणजे पोरांना मोकाट सोडून आपण फोन बघत बसणं नव्हे, हेही सांगायला हवं, कारण ‘आमच्याकडं खेळातून शिक्षण’ असा फलक लावून तेच करणारी ठिकाणं मी पाहिलीत. कोपऱ्यात चार फुटलेली प्लास्टिकची खेळणी, त्यावर वीस मुलं, भिंतीवर टीव्ही.

मी काय करते ते सांगते. फार काही नाही.

यंत्रमागावर सूत ज्या पुठ्ठ्याच्या कोनांवर येतं ते रिकामे कोन सोलापुरात पोत्यानं मिळतात. ओळखीच्या एका कारखान्यातून मी दर दोन-तीन महिन्यांनी अर्धं पोतं आणते. दोन वर्षांचं पोर एक कोन दुसऱ्यात घालतं आणि काढतं, दिवसभर. तीन वर्षांचं मनोरा रचतं. चार वर्षांच्यांना मी तो मनोरा खांद्याच्या वर रचायला लावते, भिंतीशी उभं राहून, हात उंच करून. पाच मिनिटांत त्यांचे हात भरून येतात आणि तेच हवं असतं. पाचच्यांची वेगळी शर्यत: डोक्यावर कोन ठेवून फरशीच्या रेघेवरून चालायचं. बाजारातल्या कुठल्याही खेळण्यानं मला इतकं काम दिलेलं नाही.

टॉवेलच्या कारखान्यातून विणीत खोट आलेले छोटे नॅपकिन मिळतात. अर्धी बादली पाणी, त्यात नॅपकिन बुडवायचा आणि पिळून दुसऱ्या बादलीत पाणी न्यायचं. दोन्ही मनगटं उलट दिशेला फिरवायची, हे तीन वर्षांच्या मुलाला सुरुवातीला जमतच नाही. ते नुसतं दाबतं. महिन्याभरानं एके दिवशी अचानक पीळ बसतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा त्याच पाण्यानं मग मुलं फरशी पुसतात, गुडघ्यावर, दोन्ही तळहात टेकून, ढकलत. चालायला लागून वर्षं झालेली पोरं पुन्हा रांगतात, आणि खांद्याला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

आणि ज्वारीचं पीठ. गव्हाची कणीक लवचीक, कशीही ओढा, ती मुलाचं ऐकते. ज्वारी तशी नाही. चिकटपणा कमी, हात हलका पडला की काठाला चिरा जातात. मंगळवेढ्याच्या मालदांडीचं पीठ, सोसेल इतकं कोमट पाणी, आणि परात जमिनीवर. तळहाताच्या टाचेनं रेटायचं, पाठीतून जोर आणायचा. मग गोळा थापायचा. मुलांची भाकरी कधीच गोल होत नाही, बहुतेक वेळा भारताचा नकाशा होतो, पण थापताना एक हात थांबतो आणि दुसरा फिरवतो, हे दोन हातांचं वेगवेगळं काम पुढं कागद धरून लिहिताना लागतं. कात्री धरतानाही लागतं. मुलगेही थापतात. सुरुवातीला एका वडिलांनी नाक मुरडलं होतं. उलट मुलींच्या बाबतीत मला चढण्यासाठी भांडावं लागतं. घेरदार फ्रॉक घालून पाठवतात आणि वर सांगतात, ‘नीट बस म्हणावं.’ माझ्याकडं आता नियम आहे, मुलगी असो की मुलगा, चड्डी-बनियन नाहीतर लेगिंग.

शेंगा सोलायचा खेळ मी पाच वर्षांवरच्यांनाच देते, तोही समोर बसून. अंगठा आणि पहिल्या बोटानं टरफल फोडणं हे बोटांना फार मोलाचं काम आहे, आणि सोलापुरात शेंगांना काय तोटा. पण अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो आणि जीवावर बेतू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा खायला देऊच नये. चिंचोके, मणी, बटणं, हीच गोष्ट. लहानांना मी मोठे कोन आणि नारळाच्या करवंट्या देते.

आता पडण्याबद्दल. सहाएक वर्षांपूर्वी अंगणातल्या दोन फुटी कठड्यावरून एक मुलगी पडली. कोपर फुटलं, तीन टाके. वडील आले, बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांच्या जागी मीही बोलले असते. मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून कठडा बंद, पायऱ्या बंद, उड्या बंद. दोन-अडीच महिने मुलं सतरंजीवर. त्या काळात एकही पोर पडलं नाही. पण धडकाधडकी वाढली, चावणं वाढलं, दुपारी झोप लागेना, आणि पावसाळ्यानंतर मी कठडा पुन्हा उघडला तेव्हा पूर्वी सहज चालणारी मुलंही लटपटत होती. चूक माझी होती, कठड्याची नव्हती. कठड्याखाली आता जुन्या गाद्या असतात आणि मी हाताच्या अंतरावर उभी असते. हात धरत नाही, वर उचलून ठेवतही नाही. जिथं पोर स्वतः चढू शकतं तिथून ते बहुधा स्वतः उतरू शकतं. आपण उचलून ठेवलेल्या जागेवरून पडतं.

ओघात वॉकरबद्दल. नवी पेठेत खेळण्यांच्या दुकानात गेलात तर बारशाला द्यायची पहिली वस्तू म्हणून तोच दाखवतात. कॅनडानं २००४ मध्ये बाळांच्या वॉकरवर बंदी घातली, विक्रीवरसुद्धा, कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून कोसळत होती. आणि त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट जमिनीवर पालथं पडण्याचा, सरपटण्याचा, धरून उभं राहण्याचा वेळ जातो. शेजारणीचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं अजून नाही म्हणून बायका कासावीस होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ ते १७.६ महिने असं पसरलेलं होतं. नऊ महिन्यांची तफावत, आणि सगळीच मुलं धडधाकट. शेजारणीचा विषय तिथंच संपावा. हां, पण अठरा महिने होऊन गेले तरी चालत नाही, किंवा आधी येत होतं ते येईनासं झालं, किंवा एकच हात वापरतं आणि दुसरा मुठीत आवळलेला, तर मात्र ‘खेळेल आपोआप’ म्हणत बसू नका, डॉक्टरकडं जा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायची तरतूद आहे आणि त्यात वाढीतला विलंबही येतो. तपासणीच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, एवढं तरी.

आता सार्वजनिक बाजू. कागदावर भांडायला काही उरलेलं नाही, हे मला गमतीचं वाटतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरला. २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या वयासाठी खेळ मध्यभागी आहे. अंगणवाडीसाठी केंद्रानं २०२४ मध्ये काढलेला ‘आधारशिला’ अभ्यासक्रमही खेळाचाच. आणि महाराष्ट्राला तर हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, माती, काड्या हेच साहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज शहरातली बरीच अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत असते. खोलीत धान्याची पोती, वजनकाटा, रजिस्टरं, आणि उरलेल्या जागेत पंचवीस मुलं मांडी घालून. अंगण शब्दातच राहिलं.

सेविकेवर मी टीका करणार नाही. तिला पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, मोबाईलवर नोंदी, आणि वर निवडणुकीचं काम आलं की तेही. ती मानधनावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप दीड महिन्याहून जास्त चालला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं? मुलाचं वजन ग्रॅममध्ये मोजून अॅपवर चढवायला लावणारी व्यवस्था तो एका पायावर किती वेळ उभा राहतो हे मोजत नाही. मोजू नये असंही वाटतं एकेकदा. मोजायला लागले की त्याचंही रजिस्टर होईल. पण त्याला एका पायावर उभं राहायला जागा तरी असावी.

आणि वेळ. अंगणवाडी काही तासांची. विडीचं काम दिवसभराचं. मधले तास कुणाचे? १९४८च्या कारखाना कायद्यानं तीसहून जास्त महिला कामगार असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं. १९६६च्या विडी कायद्यातही पाळणाघराचं कलम आलं. पण विडी कारखान्यातून उठून घरात आली आणि कलम कारखान्याच्या दारात बसून राहिलं. घरात वळणाऱ्या बाईच्या मुलाला तंबाखूच्या धुळीत, सुपाशेजारी, ‘तिथं हात लावू नको’ ऐकत बसण्यावाचून जागा नाही. २०२२ पासून केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. सोलापूरच्या पूर्व भागाइतकी तिची गरज आणखी कुठं असेल असं मला वाटत नाही. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीच्या रे नगरमध्ये १५,००० घरांच्या किल्ल्या कष्टकऱ्यांना मिळाल्या. इतक्या संख्येनं घरं एकत्र उभी राहू शकतात हे या शहरानं करून दाखवलंय. मग दर दोनशे घरांमागं सावलीतली एक वाळूची जागा आणि एक पाळणाघर मागणं म्हणजे चंद्र मागणं नव्हे.

महापालिकेकडं माझं मागणं त्याहून लहान आहे. शाळांची मैदानं आहेत. सकाळी शाळा भरण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर त्यांना कुलूप असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा लहान मुलांना बाहेर खेळायचे तास तेवढेच, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. नेमक्या त्या वेळी कुलूप. आमच्या जवळच्या एका बागेत दोन झोके आहेत, एकाची साखळी दोन वर्षांपासून तुटलेली, आणि गवतावर ‘चालू नये’ अशी पाटी. चार वर्षांच्या मुलानं मग कुठं धावावं? ट्रकभर नदीची वाळू नको, ती आता सोन्याच्या भावात गेलीय. धुतलेली बारीक मुरमाड माती चालते. वर हिरवी जाळी. सकाळी एक माणूस कुलूप उघडायला.

कारखानदारांनी कोन आणि खोटीचा माल भंगारात घालण्याआधी जवळच्या अंगणवाडीला विचारावं. पालकांनी प्रवेश घेताना भिंतीवरचे रंग आणि मुलांचा गणवेश बघू नये. सरळ विचारावं, माझं पोर दिवसात किती वेळ उभं असणार, आणि चढायला काय आहे?

त्या जूनमधल्या मुलाच्या आईनं आठव्या दिवशी विचारलंच, “अक्का, वही कधी देणार?” मी म्हटलं, “एकदा सकाळी थांबून बघ ना.” ऑगस्टमध्ये एकदा ती थांबली. ब्रँचला जायचं होतं, विड्यांची पिशवी खांद्याला तशीच. पोरगा मागच्या दारात आला, भिंतीला हात लावला नाही, तीन पायऱ्या एकेक पाय टाकत उतरला, आणि शेवटच्या पायरीवरून उडी मारून मातीत बसला. तिच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. ती म्हणाली, “घरी तर जिन्यात अजून कडेवर घे म्हणतो.” मग पिशवी सावरली, “माल द्यायचाय, उशीर झाला,” म्हणाली आणि गेली. वहीचं त्या दिवशी काही निघालं नाही. दिवाळीनंतर निघेल, मला माहीत आहे.